आठ सेंटिमीटरची तारली : केरीच्या रापणीवरून एक प्रकरण अभ्यास

ऑक्टोबरातली सकाळ. गोव्यात, पेडण्यातल्या केरीच्या वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती. खोळ भरलेली होती, पाट्या घेऊन बायका पुढे सरकल्या होत्या, पण नेहमीचा गलका नव्हता. तारली होती, भरपूर होती, आणि जवळजवळ सगळी बोटाएवढी.

माझ्या स्कूटरच्या डिकीत मुलाची कंपासपेटी होती. तिच्यातली पट्टी काढून मी हाताला येतील त्या वीस तारल्या मोजल्या. सर्वांत मोठी साडेनऊ सेंटिमीटर, बहुतेक आठच्या आसपास, दोन सातच्याही खाली. माझा धंदा हिशेब तपासायचा. पतसंस्था, दूध सोसायट्या, आणि ओळखीपोटी या रापणीची वही. त्यामुळे समोर काही आलं की आधी मोजायचं ही खोड आहे.

तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, बघत उभे होते. म्हणाले, "मोजून काय करतलंस, भाऊ?"

मी म्हटलं, "केरळात दहा सेंटिमीटरखालची तारली उतरवली तर दंड होतो, दादा."

"सोडू की मगे. पण कोणासाठी सोडू, ता सांग." आणि त्यांनी हनुवटीनं समुद्राकडे खूण केली. आदल्या रात्री तिकडे क्षितिजाला लागून उजेडाची माळ दिसली होती. लायटीवाले, म्हणजे दिव्यांच्या उजेडानं मासळी गोळा करून पकडणाऱ्या बोटी.

हा लेख त्या एका प्रश्नाचा आहे. शाश्वत मासेमारी म्हटलं की आपल्याकडे नॉर्वेचं नाव घेतात, कोटा घेतात, उपग्रह घेतात. पण प्रत्येक देशाच्या व्यवस्थेच्या तळाशी तांडेलांचाच प्रश्न आहे: आज मी सोडलेली मासळी उद्या कुणाच्या जाळ्यात जाणार? या प्रश्नाला ज्यांनी काहीतरी उत्तर दिलं, तिथे मासळी टिकली. ज्यांनी दिलं नाही, तिथे कायदे असूनही संपली.

जागा

केरी म्हणजे तेरेखोल नदीचं दक्षिणेकडचं तोंड. पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो, तोही गोव्यातच. नदी ओलांडूनही राज्य बदलत नाही याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. खरी हद्द त्याच्याही पुढे आहे, आणि मग रेडी, शिरोडा, म्हणजे सिंधुदुर्ग. किनाऱ्यावर ती हद्द दगडानं दाखवता येते. पाण्यात ती फक्त नकाशावर आहे.

आणि पाण्यात दोन कायदे आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारी हा राज्याचा विषय; त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा. तो असाच कुणाच्या मनात आला म्हणून झाला नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, तेही सरकारी अनुदानानं, आणि किनाऱ्याला लागून ओढू लागले. रापणी रिकाम्या यायला लागल्या. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं रापणकार रस्त्यावर उतरले, आणि त्यातून किनाऱ्यालगतचे ५ किलोमीटर यांत्रिक बोटींना बंद झाले.

महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा १९८१ ला केला आणि फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनला, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. गोव्यात पावसाळी बंदी उठली की पर्ससीन पुढच्या बंदीपर्यंत चालू. म्हणजे जानेवारीतला तारलीचा एकच थवा सकाळी रेडीसमोर असेल तर पर्ससीनवाल्याला तो वर्ज्य, आणि दुपारी केरीसमोर पाच किलोमीटरच्या बाहेर आला की चालतो. तारलीला हे कुणी सांगितलेलं नाही.

दोन्ही राज्यांत सारखं असलेलं एक म्हणजे १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी. आधी ती ४७ दिवसांची होती. दुसरं, एलईडी दिवे लावून आणि दोन बोटींमध्ये जाळं ओढून मासेमारी करायला केंद्रानं नोव्हेंबर २०१७ ला आपल्या पाण्यात बंदी घातली. तरीही क्षितिजावर माळ दिसते ती दिसतेच.

जे बोलायला जड जातं ते

आता इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण रापणीची बाजू घेणारे आम्ही लोक ती गिळून टाकतो. त्या दिवशीची आठ सेंटिमीटरची तारली ट्रॉलरनं नव्हे, लायटीवाल्यानं नव्हे, रापणीनं आणली होती. रापणीचं जाळं बारीक असतं. ते किनाऱ्यापासून अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी तीसेक माणसांनी ओढायचं. आत जे सापडलं ते सापडलं. आणि पिल्लं वाढतात ती नेमकी किनाऱ्याजवळच.

"पारंपरिक" हा शब्द त्यामुळे जपून वापरावा. केरळात रिंगसीन (पर्ससीनसारखीच वेढा घालणारी जाळी) आली तेव्हा ती पारंपरिक मच्छीमारांचीच होती. आज ती एकेक किलोमीटरपर्यंत लांबीची, मोठ्या इंजिनाची जाळी आहेत. केरळची तारली २०१२ ला ३.९ लाख टन उतरली आणि २०२१ ला ३,२९७ टन. छपाईची चूक वाटावी असा आकडा आहे, पण खरा आहे. २०१५ पासून तिथे किमान आकाराचा नियम आला, तारलीला १० सेंटिमीटर आणि बांगड्याला १४, आणि तो सर्वांना लागू, होडीवाल्यालासुद्धा. महाराष्ट्रानंही २०२३ ला ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले.

लगेच दुसरी बाजूही सांगतो. २०२३ ला केरळची तारली पुन्हा लाख टनांच्या वर गेली. नियमामुळे? थोडंफार असेल. पण तारली ही मासळीच तशी आहे. दोन-अडीच वर्षांचं आयुष्य, वर्षाच्या आत वयात येते, आणि किती पिल्लं जगतील हे पावसाळ्यात खालचं थंड, खाद्यानं भरलेलं पाणी किती वर येतं त्यावर ठरतं. ती जशी अचानक जाते तशी अचानक येते. म्हणून कुणाचा नियम तिला लागू पडेल हे आधी मासळी बघून ठरवावं, देश बघून नव्हे.

पेरू, नॉर्वेच्या आधी

या प्रकरणाला सर्वांत जवळचा आरसा पेरूचा आहे, आणि आपल्याकडे त्याचं नाव क्वचित निघतं. पेरूची अँचोव्हेटा आपल्या तारली-पेडव्यांच्या गोतावळ्यातली: लहान, अल्पायुषी, थव्यानं फिरणारी, थंड पाण्यावर जगणारी. १९७० मध्ये पेरूनं तिची १.२ कोटी टनांच्या वर उतरवणी केली. भारताच्या सगळ्या समुद्रातली सगळी मासळी मिळून आज वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास भरते, यावरून अंदाज घ्या. १९७२ ला एल निनो आला, पाणी तापलं, आणि १९७३ ला ती उतरवणी २० लाख टनांच्याही खाली गेली. समुद्रानं मारलं की माणसानं यावर अजून वाद आहेत. दोघांनी मिळून मारलं असं मानायला हरकत नाही.

आज तिथे काय चालतं? वर्षात दोन हंगाम. प्रत्येकाआधी त्यांची सागरी संस्था ध्वनियंत्रानं समुद्रातल्या थव्यांचा अंदाज घेते आणि त्या हंगामापुरता कोटा ठरतो. २००९ पासून मोठ्या बोटींना बोटीगणिक वाटा. पण मला भावतो तो भाग वेगळा आहे. १२ सेंटिमीटरखालची मासळी म्हणजे पिल्लू. एखाद्या पट्ट्यातल्या जाळ्यांत पिल्लांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की तो पट्टा काही दिवस सर्वांनाच बंद. बोटी उपग्रहावर दिसतात, आणि कारखान्याच्या काट्यावर त्रयस्थ कंपनीचा माणूस वजन करतो. २०२३ च्या जूनमध्ये चाचणी-मासेमारीत पिल्लंच पिल्लं आली तेव्हा उत्तर-मध्य पेरूचा अख्खा पहिला हंगाम रद्द केला गेला. कोट्यवधी डॉलरचा धंदा, आणि एका पट्टीच्या मोजणीवर बंद.

तांडेलांच्या प्रश्नाचं पेरूनं दिलेलं उत्तर असं: तू सोड, कारण त्याच दिवशी तुझा शेजारीही सोडणार आहे. एवढंच. यात पुण्य नाही, त्याग नाही. लोभ आहे तसाच आहे, फक्त सगळ्यांचे हात एका वेळी बांधलेत.

पेरूला डोक्यावर घेण्याचं मात्र कारण नाही. ती मासळी माणसाच्या ताटात फारशी जात नाही. तिची पूड आणि तेल होऊन जगभरच्या मत्स्यपालनात जातं. फिशमीलच्या कारखान्यांचा वास आता आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी नाही. बारीक तारलीला भाव मिळतो तो तिथेच.

नॉर्वे : समुद्रात नव्हे, काट्यावर

नॉर्वेच्या गस्ती बोटींचं कौतुक खूप झालं. मला हिशेबनीस म्हणून तिथली खरी करामत किनाऱ्यावर दिसते.

१९३८ च्या कायद्यानं तिथे असं ठरलं की मासळीची पहिली विक्री फक्त मच्छीमारांच्या मालकीच्या विक्री-संस्थांमार्फतच होईल. किमान भाव तीच ठरवते. बोट धक्क्याला लागली की पावती होते. तिच्यावर कुठली मासळी, किती वजन, कुठे पकडली, आणि खाली तांडेल व खरेदीदार दोघांच्या सह्या. कोट्यापेक्षा जास्त मासळी आली तर तिचे पैसे मच्छीमाराला मिळत नाहीत, संस्थेकडे जमा होतात. १९८७ पासून कॉड आणि हॅडॉक समुद्रात फेकून द्यायलाही बंदी आहे. नको असलेलं लपवायला समुद्र वापरता येत नाही.

ही एक पावती किती गोष्टी करते पाहा. मच्छीमाराला भाव मिळतो म्हणून तो तिच्यासाठी उभा राहतो. सरकारला आकडा मिळतो. शास्त्रज्ञाला पुढच्या वर्षाचा अंदाज मिळतो. आणि चोराला मासळी पकडता येईल, पण विकता येणार नाही.

आता आमची रापणीची वही. तिच्यात होडीचा वाटा आहे, जाळ्याचा आहे, प्रत्येक ओढणाऱ्याचा आहे. गेल्या वर्षी वारलेल्या एका गड्याचा वाटा त्याच्या बायकोच्या नावावर चालू आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पैशाची अशी चोख वही मी काही सहकारी संस्थांतही बघितलेली नाही. पण मासळीच्या रकान्यात काय? "२२ पाट्या." कुठली, केवढी, किती किलो, काही नाही. त्या ऑक्टोबरच्या सकाळी मी ती नोंद स्वतः पाहिली. आठ सेंटिमीटरच्या तारलीची पाटी आणि पंधरा सेंटिमीटरच्या तारलीची पाटी, वहीला दोन्ही एकच.

भारतात समुद्री मासळीला बोटीगणिक कोटा नाही. आपण बोट, जाळं, जागा आणि महिने यांवर नियम घालतो. किती पकडलं यावर नाही. शेकडो जाती एका जाळ्यात येणाऱ्या आपल्या समुद्रात कॉडसारखा कोटा लावणं कठीण आहे, हे मान्य. पण मोजणं आणि कोटा लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमत नाही म्हणून आपण पहिलीही सोडून दिली.

नॉर्वेची आणखी एक गोष्ट तेरेखोलच्या तोंडावर उभं राहिलं की टोचते. बॅरेंट्स समुद्रातला कॉड नॉर्वे आणि रशियाचा सामाईक. १९७६ पासून दोघांचा संयुक्त आयोग दरवर्षी बसतो आणि कोटा ठरवतो. शीतयुद्धात बसला, युक्रेनचं युद्ध पेटल्यावरही बसला. २०२५ साठी त्यांनी ३,४०,००० टनांवर आणून ठेवला, तेव्हापर्यंत तो १९९१ नंतरचा सर्वांत कमी. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले दोन शेजारी मासळीसाठी एका टेबलाशी येतात. केरी आणि रेडीच्या मध्ये फार तर एक फेरीबोट आणि थोडा रस्ता आहे. तारलीसाठी कायद्यानं बांधलेलं असं टेबल मात्र नाही.

आइसलँड आणि न्यूफाउंडलंड, थोडक्यात

आइसलँडनं तांडेलांच्या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं: मासळी तुझीच, कागदावर. १९८४ पासून बोटींना कोटा, १९९० च्या कायद्यानं तो विकता येण्याजोगा. कॉड सावरला. पण कोटा विकता येतो म्हटल्यावर पैसेवाल्यानं घेतला, आणि धक्का शाबूत असलेली काही गावं हात चोळत बसली. दोन मच्छीमार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २००७ ला समितीनं कौल त्यांच्या बाजूनं दिला. २००९ ला सरकारला छोट्या होड्यांसाठी उन्हाळ्यापुरती खुली मासेमारी सुरू करावी लागली. गोव्यात किनाऱ्यालगतच्या जमिनीचं काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला, विकता येणारा कोटा केरीत आणला तर तो पाच वर्षांनी कुणाकडे असेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

न्यूफाउंडलंडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: २ जुलै १९९२ ला कॅनडानं तिथली कॉड मासेमारी बंद केली, तीस हजारांवर माणसं एका दिवसात बेकार. कमी सांगितली जाते ती आधीची गोष्ट. ऐंशीच्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार ओरडून सांगत होते की कॉड लहान येतोय, कमी येतोय. सरकारचे अंदाज खोल समुद्रातल्या मोठ्या बोटींच्या आकड्यांवर भिस्त ठेवून होते, आणि त्या बोटी उरलासुरला थवा हुडकून काढण्यात पटाईत होत्या. त्यामुळे आकडे बरे दिसत राहिले. लहान होत जाणारी मासळी किनाऱ्यावरच्या माणसाला आधी दिसते. केरीची रापण हे त्या अर्थानं फुकटात मिळणारं मोजयंत्र आहे, कुणी वाचणार असेल तर.

रेघ कोणाची

आता पाच किलोमीटरकडे परत. अशी रेघ एकट्या गोव्यात नाही. पेरू आणि चिली यांनी पहिले पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, छोट्यांसाठी राखले. फिलिपिन्सनं १९९८ च्या कायद्यानं १५ किलोमीटर नगरपालिकांच्या ताब्यात दिले आणि ३ टनांवरच्या व्यापारी बोटी बाहेर ठेवल्या. आपली रेघ सर्वांत बारीक, पण फरक रुंदीचा नाही. फिलिपिन्समध्ये ते पाणी गावाच्या नावावर आहे. गाव परवाना देतं, गाव अडवतं. तिथेही घुसखोरी होतेच, पण अडवणारा माणूस सापडतो. गोव्यात रेघ राखीव आहे, राखणदार पणजीत. रापणकाराला रात्री अकरा वाजता उजेड दिसला तर तो फोन करू शकतो, एवढाच त्याचा अधिकार.

जपान या बाबतीत टोकाला गेला आहे. १९४९ च्या कायद्यानं किनाऱ्याचा हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. सुरुगा आखातात साकुराएबी नावाची गुलाबी, बारीक कोळंबी मिळते, आपल्या जवळ्याची चुलत बहीण म्हणा. तिथल्या बोटी सगळ्यांचं उत्पन्न एकत्र करून वाटून घेतात, म्हणून कुणी पुढे धावत नाही. आज जायचं का, किती पकडायचं, हे बोटवाल्यांची समिती ठरवते. २०१८ ला कोळंबी खालावली तेव्हा त्यांनी शरद हंगाम स्वतःहून सोडून दिला. हे वाचल्यावर मला आमची वहीच आठवली. एकत्र पकडणं, वाटून घेणं, विधवेचा वाटा ठेवणं हे रापणीला शिकवायची गरज नाही. फक्त तिची वाटणी एका जाळ्यापाशी संपते. शेजारच्या रापणीशी ती स्पर्धाच करते.

मग केरीत काय झालं

फार काही नाही. डिसेंबरात देवळाच्या मंडपात आजूबाजूच्या तीन रापणींचे लोक बसले, पलीकडून दोघे फेरीनं आले. माझं म्हणणं मी मांडलं: प्रत्येक ओढीनंतर वीस तारल्या मोजायच्या, वहीत एक रकाना वाढवायचा, आणि निम्म्याहून जास्त दहाखाली आल्या तर तिन्ही रापणींनी पाच दिवस जाळं टाकायचं नाही. कायद्यानं नव्हे, आपसात. पेरूची नक्कल, गरिबाच्या खर्चात.

रकान्याला कुणाची हरकत नव्हती. पाच दिवसांवर अडलं. एक तरुण म्हणाला, "पाच दिस आमी बसतलो आणि तितल्यात पर्ससीनवालो येवन घेवन गेलो तर?" बोटींवर आता ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारी यंत्रं, बसतायत, २०२४ पासून देशभर एक लाख बोटींची योजना आहे, रेघ ओलांडली तर पडद्यावर दिसेल, असं मी सांगितलं. त्यानं विचारलं, "पडदो कोणाच्या घरात?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पलीकडचे दोघे म्हणाले, आमच्याकडे जानेवारीपासून पर्ससीन बंदच असतं, आम्ही बसू पाच दिवस. तुम्ही तुमच्याकडचं आधी बघा. त्यावर थोडी बाचाबाची झाली. मग चहा आला.

शेवटी ठरलं एवढंच की हा हंगाम नुसतं मोजायचं. बंदचं पुढल्या वर्षी बघू. वहीत आता तारखेपुढे पाट्या, आणि पाट्यांपुढे सेंटिमीटर असा एक आकडा पडतो. कधी कधी तो विसरतात, मग दोन दिवसांचे एकदम भरतात, आणि ते मला अक्षरावरून कळतं. फेब्रुवारीतला एक आकडा साडेचौदा आहे. त्याच्याखाली कुणीतरी पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवल्यात.

कंपासपेटीतली पट्टी मात्र तांडेलांनी परत दिली नाही. मुलाला दुसरी आणली.